दोष लाईनचा की कपॅसिटरचा?

2000 नंतरच्या दशकात आमच्या सिहोऱ्यात पीसी आपोआप रीस्टार्ट झाला की खापर ठरलेलं: लोडशेडिंग, नाहीतर व्हायरस. लाईन जायची, हे खरंच. पण त्याच काळात जगभरच्या अनेक मदरबोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बसले होते. आत वायू साचायचा, डोकं फुगायचं, व्होल्टेज डगमगायचं आणि मशीन क्रॅश! 2005 मध्ये डेलने ऑप्टिप्लेक्सच्या अशा दुरुस्त्यांसाठी 30 कोटी डॉलर काढून ठेवले. तिकडच्या ऑफिसांत कुठलं आलंय लोडशेडिंग?

इकडे मात्र फॉरमॅटवर फॉरमॅट व्हायचे, घरचे फोटो पुसले जायचे. माळ्यावर जुना पीसी असेल तर प्लग काढून झाकण उघडा. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तर गावाला उगाच बोल लावू नका. हार्ड डिस्क आधी काढून ठेवा. फोटो अजूनही मिळू शकतात.