नागपूरहून कोकण-गोव्यात परिषदेला जायचे कसे आणि मोकळ्या दिवसात पाहायचे काय?

महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, नागपुरात आहे. राज्याचे किनाऱ्यावरचे मत्स्य महाविद्यालय मात्र रत्नागिरीजवळ शिरगावला, दापोलीच्या कृषी विद्यापीठाखाली चालते. त्यामुळे विषय मासळीचा असो, शेतीचा की समुद्रविज्ञानाचा, परिषदेसाठी विदर्भातल्या प्रतिनिधींना पश्चिमेची वाट धरावी लागते. प्रवास लांबचा असतो. पण वेळ बहुतेकदा वाया जातो तो शेवटच्या टप्प्यात, कारण नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन गावांमध्ये कोकणात खाडी असते.

विमानाने जाताना काय पाहावे?

नागपूरहून गोव्याला विमानाने जाता येते, पण गोव्यात विमानतळ दोन आहेत. वास्कोजवळचा दाबोळी जुना, तर उत्तरेला पेडणे तालुक्यातला मोपा नवा. मोपाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पाही खुला झाला होता.

परिषद पणजीजवळ दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत किंवा ताळगावच्या गोवा विद्यापीठात असेल, तर दोन्ही विमानतळ चालतात. झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या परिसरात असेल, तर दाबोळी अगदी जवळ. तिथे मोपावर उतरणे म्हणजे जवळजवळ अख्खा उत्तर गोवा ओलांडणे. म्हणून तिकिटावर नुसते ‘गोवा’ न वाचता विमानतळाचे नाव वाचावे.

रेल्वेने कसे जायचे?

नागपूर-मडगाव विशेष गाडी भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल असा वळसा घेऊन चिपळूण, रत्नागिरीमार्गे जाते. प्रवासाला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. विशेष गाड्यांची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे परिषदेच्या तारखा कळताच ती गाडी तेव्हा धावणार आहे का, हे तपासावे.

दुसरा मार्ग मुंबई किंवा ठाण्याला गाडी बदलण्याचा. यात पहिली गाडी उशिरा आली तर पुढची चुकते. एप्रिल २०१९ पासून रेल्वेत दोन तिकिटांचे पीएनआर जोडण्याची सोय आहे. प्रवाशांचा तपशील दोन्हींवर सारखा असेल, तर चुकलेल्या जोडगाडीचे पैसे नियमानुसार परत मिळतात. निबंध पहिल्याच दिवशी वाचायचा असेल, तर आदल्या दिवशी पोहोचेल अशीच गाडी निवडावी.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते. दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो, त्यामुळे एरवीच्या वेळा गृहीत धरू नयेत.

आणि रस्त्याने?

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. तिथून पनवेल गाठून मुंबई-गोवा महामार्ग धरावा लागतो. दुसरी वाट कोल्हापूरची. गोंदियाहून नागपूरमार्गे जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरला सोडते आणि तिथून आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठता येते. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंतचा शक्तिपीठ महामार्ग हा राज्य सरकारचा प्रस्ताव असून, कोल्हापूरसह काही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला आहे.

मोकळ्या दिवसात काय पाहता येईल?

एका दिवसात एकच खाडी ओलांडायची, असे ठरवले की बेत जमतो.

*दापोली:* जवळचे स्टेशन खेड, सुमारे ३० किलोमीटरवर. १९७२ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ समुद्रकाठी नसून वर डोंगरावर आहे. खाली हर्णैला मासळीचा लिलाव होतो आणि समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे. दाभोळहून धोपाव्याला गाड्या नेणारी फेरीबोट आहे. ती नसती तर गुहागरला जायला चिपळूणचा वळसा पडला असता.

*रत्नागिरी:* स्टेशन शहराबाहेर आहे, रिक्षाचा वेळ धरावा. टिळकांचे जन्मस्थान, रत्नदुर्ग आणि थिबा राजवाडा अर्ध्या दिवसात होतात. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा इंग्रजांच्या नजरकैदेत इथेच राहिला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. उरलेल्या अर्ध्या दिवसात आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे आणि शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहता येते.

*पणजी:* जवळचे स्टेशन करमळी, जुन्या गोव्याला लागूनच. तिथली चर्च आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसा आहेत. रायबंदरहून फेरीने मांडवी ओलांडली की चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. पक्षी पाहायचे तर सकाळी लवकर जावे.

समुद्रात उतरावे का?

फुटाळा किंवा अंबाझरी तलाव पाहून पाण्याचा अंदाज बांधणाऱ्याला समुद्र फसवतो. तलावाचे पाणी जागच्या जागी राहते, समुद्राचे दर सहा तासांनी साधारण दिशा बदलते. लाटांनी काठावर आणलेले पाणी अरुंद पट्ट्यातून जोराने परत जाते आणि माणसाला आत ओढते. अशा वेळी सरळ काठाकडे झुंजू नये. काठाला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे, मग किनाऱ्याकडे वळावे. गणपतीपुळ्याचा किनारा पोहण्यासाठी धोक्याचा मानला जातो. जीवरक्षक नसेल तिथे आणि पावसाळ्यात कुठेही पाण्यात उतरू नये. भरती-ओहोटीची वेळ स्थानिक मच्छीमारांना विचारावी.

तारीख आपल्या हाती असेल तर?

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जून-जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे बंदरे शांत आणि ताजी मासळी कमी. परतीचे तिकीट समारोपाच्या संध्याकाळचे न काढता दुसऱ्या रात्रीचे काढावे. दीड दिवस हातात राहतो आणि समारोप लांबला तरी गाडी चुकत नाही.