जहाजाला सुटणारा घाम

पहिल्या नोकरीत, ऐन जुलैत, मुंबईच्या ऑफिसातल्या सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. ‘जरा हवा खेळू दे’ म्हणत मीच खिडकी उघडली. थोड्याच वेळात थंडगार पत्र्यांवर पाण्याचे थेंब जमले. हवा आत घेतली की ओल जाते, ही माझी समजूत तिथे मोडली. दर्यावर्दींनी हा धडा फार आधी, आणि बराच माल गमावून, घेतला होता.

जहाजावर डेकखालच्या मालाच्या कोठाराला होल्ड म्हणतात. तांदूळ, ताग, कॉफी हे जिन्नस दिसायला कोरडे, पण पोटात पाणी बाळगणारे. ब्रह्मदेशात भरलेला तांदूळ युरोपकडे निघाला की समुद्र गार होत जातो, जहाजाचा पत्रा निवतो आणि आतली वाफ छताला जमून पोत्यांवर ठिबकते. हा जहाजाचा घाम. म्हणून पोत्यांच्या थापीतून लाकडी हवानळ्या सोडत आणि डेकवरच्या भोंग्यांतून वारा आत घेत. उलट, थंड मुलखातून लोखंडी सामान घेऊन मुंबईकडे येताना तोच वारा वैरी. दमट हवा गार मालाला लागली की घाम मालालाच सुटतो. तेव्हा झडपा बंद.

यातून नियम बसला: बाहेरच्या हवेचा दवबिंदू आतल्या हवेपेक्षा कमी असेल तरच उघडायचं. आतलं मोजता येत नसेल, तर बाहेरची हवा माल भरतानाच्या तापमानापेक्षा किमान ३ अंश सेल्सियसने गार हवी. प्रत्येक पाळीला नोंद लॉगबुकात. माल सादळला आणि भरपाईचा दावा लागला, तर त्या नोंदीच साक्षीला येतात.

मलबारच्या कॉफीची गोष्ट मात्र निराळी. शिडाची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपला पोचेपर्यंत महिनेच्या महिने जात. दमट होल्डमध्ये हिरवे दाणे फुगून पिवळट होत, आंबटपणा उतरे. १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी वाढल्या, दाणे हिरवेच पोचू लागले. गिऱ्हाइकांना मात्र जुनीच चव हवी होती, असं कॉफीच्या धंद्यात सांगतात. आज मंगळूरकडे जून ते सप्टेंबर उघड्या बाजूंच्या गोदामांत दाणे पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारा देतात. पण रोज उलथापालथ करून, ओल तपासत.

आमच्या त्या खोलीत साधा आर्द्रतामापकही नव्हता. असता, तरी खिडकी उघडण्याआधी मी त्याच्याकडे पाहिलं असतं का, हे मला अजून टोचतं.