मातृवंशाचा दाखला
नागरिकत्व वंशाने प्राप्त होते, हे तत्त्व स्वीकारणाऱ्या इटलीने मातेच्या वंशाला दीर्घकाळ प्रमाण मानले नव्हते. १९१२ च्या ५५५ क्रमांकाच्या कायद्यानुसार अपत्याला पित्याचे नागरिकत्व लाभे; मातेचे लाभे ते पिता अज्ञात वा राष्ट्रहीन असणे यांसारख्या अपवादांतच. परकीयाशी विवाह केलेल्या स्त्रीला पतीचे नागरिकत्व मिळताच तिचे स्वतःचे लोप पावे.

१ जानेवारी १९४८ रोजी अमलात आलेल्या संविधानाने स्त्री-पुरुषसमता घोषित केली. तिचा अर्थ कायद्यात उतरण्यास मात्र घटनात्मक न्यायालयाचे दोन निर्णय यावे लागले. १९७५ मध्ये विवाहजन्य नागरिकत्वलोप घटनाबाह्य ठरला. १९८३ मध्ये मातेचा वारसा मान्य झाला. तरीही प्रशासनाने ही समता १९४८ च्या मागे नेली नाही. परिणामी, मातेचे नागरिकत्व अबाधित असूनही १९४७ मध्ये जन्मलेली मुलगी परकी आणि १९४९ मध्ये जन्मलेला तिचा सख्खा भाऊ इटालियन, असा विपर्यास उद्भवला. अर्जेंटिना, ब्राझील येथील स्थलांतरितांच्या वंशजांनी पणजीची जन्मनोंद शोधून काढली, तरी वकिलातीत ती निरुपयोगी ठरे.

२००९ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने अशा वंशजांना न्यायालयीन मार्ग खुला केला. पुढे २०२५ च्या ७४ क्रमांकाच्या कायद्याने परदेशी जन्मलेल्यांचा वंशाधिकार सामान्यतः आई-वडील व आजी-आजोबा यांच्यापुरता सीमित केला. पणजी अखेर पणजोबांच्या बरोबरीला आली. पण ती दोघेही वगळले गेल्यावर.