कलंदरची नवी व्हर्जन्स

'दमादम मस्त कलंदर' नक्की कुणाचं? नूरजहाँ, रेश्मा, रूना लैला, आबिदा परवीन... प्रत्येकीचं वेगळं. २०१७ मध्ये पाकिस्तानच्या कोक स्टुडिओने ते पुन्हा नव्याने बसवलं. ओपन सोर्सच म्हणा ना!

आता आमच्या कल्याणपलीकडचं उल्हासनगर बघा. महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली 'कल्याण कॅम्प'चं उल्हासनगर झालं. पत्त्यात कॅम्प नंबर अजूनही असतोच. सिंध मागे राहिला. तिथल्या सेहवानचे सूफी संत शाहबाज कलंदर (निधन १२७४) मात्र रेकॉर्ड-कॅसेटमधून, दर वेळी नव्या आवाजात, सीमा ओलांडून येत राहिले.

गंमत म्हणजे गाण्यातली 'झूलेलाल' ही हाक कलंदरांना आहे, आणि सिंधी हिंदूंच्या दैवताचं नावही तेच! त्यामुळे दर्ग्यात धमाल करणाऱ्यालाही ते आपलं वाटतं आणि चेटीचंडच्या मिरवणुकीत नाचणाऱ्यालाही.

फ्यूजनने मूळ गाणं बिघडतं ही ओरड नेहमीचीच. पण ज्यांना मूळ गावीच परत जाता येत नाही, त्यांच्यासाठी नवं व्हर्जन हाच रस्ता. गिटार घाला, ड्रम्स घाला, काय वाट्टेल ते करा. फक्त ती हाक तेवढी काढू नका. ती आहे तोवर गाणं दोघांचं.