बाल्टिमोरमधील ‘जोखीमग्रस्त’ मुले आणि योगशिक्षण : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

अमेरिकेतील शैक्षणिक लेखनात ‘जोखीमग्रस्त’ ही संज्ञा 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ नेशन अ‍ॅट रिस्क’ या शासकीय अहवालानंतर विशेष रूढ झाली. अहवालाच्या शीर्षकात धोका राष्ट्राला होता. पुढे हाच शब्द शाळा सोडण्याची, व्यसनाधीन होण्याची किंवा गुन्हेगारीकडे वळण्याची शक्यता असलेल्या मुलांना चिकटला. शब्दाचे हे स्थलांतर किरकोळ नाही. धोका मुलाच्याच ठायी आहे असे एकदा गृहीत धरले, की उपायही मुलावरच करावयाचा ठरतो. योग व ध्यान यांचे शिक्षण हा अशा उपायांपैकी एक होय. प्रस्तुत लेखात मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात झालेल्या अशा एका उपक्रमाकडे त्या शहराच्या इतिहासाच्या संदर्भात पाहिले आहे.

शहराची पार्श्वभूमी :

1893 च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेनंतर स्वामी विवेकानंद ऑक्टोबर 1894 मध्ये व्रूमन बंधूंच्या निमंत्रणावरून बाल्टिमोर येथे व्याख्यानासाठी गेले होते. त्या वेळी वर्णामुळे तेथील काही हॉटेलांनी त्यांना जागा नाकारली. वेदान्ताचे विचार ऐकण्यास श्रोते होते, परंतु ते सांगणाऱ्यास खोली मिळणे कठीण होते. शहराची ही वृत्ती पुढे कायद्यात उतरली. डिसेंबर 1910 मध्ये बाल्टिमोर नगरपालिकेने वस्तीतील बहुसंख्याकांच्या वर्णानुसार कोणी कोठे राहावे हे ठरविणारा नियम संमत केला. अमेरिकेतील या प्रकारचा हा पहिला नियम मानला जातो. लुइव्हिल शहरातील अशाच नियमाविरुद्धच्या खटल्यात 1917 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिल्यावर असे नियम घटनाबाह्य ठरले, तरी वस्त्यांची विभागणी टिकली. घरखरेदीच्या खाजगी करारांतील अटींनी आणि 1930 च्या दशकातील गृहकर्जविषयक नकाशांनी ती पक्की केली. या नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवून कर्जास धोकादायक ठरविल्या होत्या. येथेही ‘धोका’ हाच निकष होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कारखाने बंद पडणे, 1968 ची दंगल आणि अमली पदार्थांचा व्यापार यांचा सर्वाधिक भार पुढे याच वस्त्यांवर पडला.

वर्गातील प्रयोग :

पश्चिम बाल्टिमोरमध्ये वाढलेले अली व आत्मन स्मिथ हे बंधू आणि त्यांचे महाविद्यालयीन मित्र आंद्रेस गोन्झालेस यांनी 2001 मध्ये ‘होलिस्टिक लाइफ फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. शाळेकडून आलेली मूळ विचारणा मुलांना अमेरिकन फुटबॉल शिकविण्याची होती. यांनी योग शिकविण्याची तयारी दाखविली. विंडसर हिल्स प्राथमिक शाळेतील पाचवीच्या मुलांपासून कार्यास आरंभ झाला. शिक्षक बाहेरून आलेले सुधारक नव्हते, त्याच रस्त्यांवरून शाळेत गेलेले तरुण होते. आसनांच्या निवडीपेक्षा ही बाब अधिक महत्त्वाची असावी, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

योगाभ्यासाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचे कार्य आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळा येथे स्थापन केलेल्या कैवल्यधामात फार पूर्वीच चालू झाले होते. तेथे मोजमाप मुख्यतः शरीराचे होते. बाल्टिमोरमध्ये प्रश्न मनाचा होता. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार शाळांतील चौथी व पाचवीच्या 97 मुलांचा समावेश होता. दोन शाळांत 12 आठवडे, आठवड्यातून चार दिवस, 45 मिनिटे आसने, श्वसन व ध्यान शिकविण्यात आले. उर्वरित दोन शाळा तुलनेसाठी थांबविल्या होत्या. तणावाच्या प्रसंगी एकच विचार घोळत राहणे, नको ते विचार मनात घुसणे आणि भावनिक उद्रेक यांत लक्षणीय घट आढळली. मात्र खिन्नतेची लक्षणे आणि सवंगडी व शिक्षक यांच्याशी असलेले संबंध यांत तसा फरक दिसला नाही. योगप्रसाराच्या उत्साहात निष्कर्षाचा हा उत्तरार्ध गाळला जाण्याची शक्यता असते. तणावास मूल कसे सामोरे जाते हे बदलले. तणाव जेथून येतो ती वस्ती होती तशीच होती.

एप्रिल 2015 मध्ये फ्रेडी ग्रे या 25 वर्षीय कृष्णवर्णीय युवकाचा पोलिसांच्या ताब्यात झालेल्या दुखापतीमुळे मृत्यू झाला आणि शहर पेटले. त्यानंतरच्या वर्षी याच संस्थेच्या रॉबर्ट कोलमन प्राथमिक शाळेतील कक्षास देशभर प्रसिद्धी मिळाली. तेथे बेशिस्त मुलास शिक्षेऐवजी दिवे मंद केलेल्या खोलीत श्वसनाभ्यासासाठी पाठविले जाई. निलंबने थांबल्याचे शाळेने सांगितले. शाळा शांत होणे प्रशासनाच्या सोयीचे असतेच. त्यावरून मुलास काय मिळाले ते कळत नाही. त्याचे उत्तर कदाचित दुसरीकडे शोधावे लागेल. संस्थेच्या आरंभीच्या वर्गांतील काही मुले मोठी होऊन त्याच संस्थेत प्रशिक्षक म्हणून रुजू झाली. बारा आठवड्यांच्या कोणत्याही चाचणीत ही गोष्ट नोंदविली जाणे शक्य नव्हते.