गुणाकारातला पीळ

रुबिक क्यूबला एकामागून एक दोन वळणे दिली, की गणितवाले म्हणतात, ‘गुणाकार झाला’. पाढ्यांवर वाढलेल्या माणसाला हे खटकते. तीन चोक बारा आणि चार त्रिकही बाराच. पण क्यूबची उजवी बाजू आधी फिरवून मग वरची फिरवा, आणि नंतर उलट क्रमाने करून पाहा, रंगांची मांडणी निराळी येते.

‘गुण’ या शब्दाचा जुना अर्थ मात्र दोरा, पेड असा आहे. संस्कृतात धनुष्याची दोरीही गुणच. द्विगुण म्हणजे दोन पेडांचे, म्हणून दुप्पट. तोच शब्द प्राकृतातून झिजत ‘बे दुणे चार’मध्ये आला, आणि राग ‘दुणावतो’ तोही त्याच दोरीने. एका पेडात दुसरा पेड घालणे ही कल्पना क्यूबला पाढ्यांपेक्षा जास्त शोभते. (१९७४ साली बुडापेस्टमध्ये एर्नो रुबिकने क्यूब केला तेव्हा यातले काही त्याच्या डोक्यात नसणार. आपल्या पूर्वजांच्याही नव्हते, हे सांगून टाकलेले बरे.)

पायथन या संगणकभाषेत क्यूबची स्थिती याद्यांत ठेवता येते. तीनच जागा, शून्यापासून मोजलेल्या, आणि दोन वळणे घेऊ: अ = [१, २, ०], ब = [१, ०, २]. क या जागेसाठी अ[ब[क]] काढत गेलो की [२, १, ०] मिळते. ब[अ[क]] काढले तर [०, २, १]. गुणाकाराची खूण इथे कामाची नाही. यादीला दोनने गुणले तर पायथन तीच यादी दोनदा लिहून देतो. यादीने यादीला गुणायला तर तो साफ नकार देतो. वळणामागून वळण हा अर्थ त्याला आपणच शिकवायचा.

आठ कोपऱ्यांना जागेखेरीज पीळही असतो: ०, १ किंवा २. गुणाकारात अ[ब[क]]चा आणि ब[क]चा पीळ मिळवायचा आणि बेरीज तीन किंवा जास्त झाली की तीन वजा करायचे. आठही कोपऱ्यांच्या पिळांची बेरीज तीनने भाग जाणारीच राहते. म्हणून कोणी खोडसाळपणे एकच कोपरा उपटून पिळून बसवला, तर तो क्यूब कितीही फिरवला तरी सुटत नाही.

यादी वाचण्याचे पंथ दोन. ‘या जागी कोण आले’ अशी यादी असेल, तर अ[ब[क]] म्हणजे आधी अ, मग ब. ‘हा कुठे गेला’ अशी असेल, तर त्याच क्रमासाठी ब[अ[क]] लिहावे लागते. गॅप ही गटसिद्धान्तासाठीची संगणकभाषा दुसऱ्या पंथातली. दुसऱ्याचा प्रोग्राम उचलण्याआधी त्याचा पंथ विचारून घ्यावा.