नराणी, नेलकटर आणि नखाची कड

वात्स्यायनाने कामसूत्रात नखांवर एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे आणि जाता जाता त्यांची प्रांतवारीही लावली आहे. गौडांची, म्हणजे बंगालकडच्यांची नखे लांब, हाताला शोभा देणारी. दक्षिणेकडच्यांची आखूड, कामाला टिकणारी. महाराष्ट्रातल्यांची मात्र मध्यम, दोन्हींचे गुण घेतलेली. आपल्याविषयी इतके समंजस मत दुसऱ्या कुठल्या बाबतीत कुणी दिल्याचे ऐकिवात नाही. (पुण्याच्या श्रीधर चिल्लाळ यांनी डाव्या हाताची नखे १९५२ पासून २०१८ पर्यंत कापलीच नाहीत. एकूण लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली आणि गिनीज बुकात नाव लागले. वात्स्यायनाला एवढा सणसणीत अपवाद पुण्यातूनच मिळावा, यात नवल नाही.)

नख मध्यम ठेवायचे तर ते वेळच्या वेळी काढायला हवे. चरकसंहिता पंधरवड्यातून तीनदा केस, दाढी, नखे काढायला सांगते. मनुस्मृती दातांनी नखे तोडायला मनाई करते. म्हणजे ती खोड तेव्हाही होतीच. पण या विषयातली सगळ्यात जिवंत हकिगत आहे ती बौद्ध भिक्षूंच्या नियमांत, विनयपिटकात. लांब नखे ठेवायची नाहीत असा नियम झाला. मग भिक्षू नखांनीच नखे तोडू लागले, दातांनी कुरतडू लागले, भिंतीवर घासू लागले. बोटे दुखायला लागली, तेव्हा नखे काढायचे हत्यार बाळगायला परवानगी मिळाली. लगेच काही जणांनी रक्त येईपर्यंत नखे काढली. त्यावर नियम आला: मांसाच्या कडेबरोबर, त्याच्या आत नाही. एवढ्यावर थांबले असते तर ते भिक्षू कसले! एका टोळक्याने हातापायांची वीसही नखे घासूनपुसून चकचकीत करून घेतली. तेही बंद झाले. फक्त मळ काढायची मुभा राहिली. नखे किती काढावीत याविषयी आजच्या डॉक्टरांचा सल्ला याहून फारसा वेगळा नाही.

आपल्याकडे हे काम शतकानुशतके न्हाव्याकडे होते. त्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, चिमटा, आरसा यांच्याबरोबर नराणी असायची. बोटाएवढी लोखंडी पट्टी, टोकाला चपटी धार, पटाशीची धाकटी बहीण म्हणावी अशी. न्हावी वाटीतल्या पाण्याने नख ओले करायचा, बोट आपल्या चिमटीत धरायचा आणि नराणी कडेकडेने फिरवायचा. नख तुटायचे नाही, तासले जायचे. चंद्रकोरीसारखी एक सलग फाक खाली पडायची. सुश्रुताच्या वीस शस्त्रांच्या यादीतही एक नखशस्त्र आहे, आठ अंगुळे लांब. रात्री नखे काढू नयेत या घरोघरच्या दटावणीमागे मला तरी शकुन-अपशकुनापेक्षा ही उघडी धार आणि दिव्याचा मिणमिणता उजेड जास्त दिसतो.

हे हत्यार न्हाव्याच्या हातातून आपल्या हातात आले ते अमेरिकेमुळे. १८७५ मध्ये व्हॅलेंटाइन फोगर्टी यांनी नखे काढण्याच्या साधनाचे पेटंट घेतले. १८८१ मध्ये हाइम आणि मॅट्झ या जोडीने चिमट्यासारख्या दाबाच्या नेलकटरचे घेतले. आज ड्रॉवरमध्ये सापडतो त्याचा ठसा मात्र १९४७ चा. कनेटिकट राज्यातल्या विल्यम बॅसेट यांनी जुन्याच रचनेत तीन बारीक दुरुस्त्या केल्या: पाती बाजूला सरकू नयेत म्हणून कानशीजवळ दोन उंचवटे, साध्या खिळ्याऐवजी खाच असलेली खीळ, आणि वरच्या दांडीला अंगठा बसेल असा बाक. दांडी उलटी फिरवली की सगळे चपटे होऊन खिशात जाते. नराणीला सराईत हात लागायचा, याला फक्त अंगठा लागतो. आपल्या बाजारात पुढे त्याला छोटी सुरी आणि बाटली उघडायचा हुकही चिकटला. त्या सुरीने नखाखालचा मळ उकरणे ही मात्र वाईट सवय. नख खालच्या मांसापासून सुटते आणि त्या फटीत ओल साचते.

एवढ्या सगळ्या प्रवासात नखाच्या मुळाशी असलेल्या पातळ कातडीकडे, आज ज्याला सगळे क्युटिकल म्हणतात तिकडे, बाजाराचे लक्ष गेले ते उशिरा. न्यूयॉर्कमध्ये १८७८ साली मेरी कॉब यांनी मॅनिक्युअरचे दुकान काढले. हळूहळू ही कड कापून गोलाई कोरणे सुबक हाताचे लक्षण ठरले. १९११ मध्ये नॉर्थम वॉरेन यांनी ती कातडी मऊ करून काढणारे द्रव आणले आणि ‘क्युटेक्स’ नावाने विकले. कापू नका, इजा होते, हेच त्यांच्या जाहिरातींचे म्हणणे. रंगीत नेलपॉलिश त्या नावाखाली नंतर आले.

जाहिरात विक्रीसाठी होती, पण मुद्दा खरा होता. ही कड म्हणजे नख आणि कातडी यांच्यामधला सांधा बुजवणारे लिंपण. ते कापले की पाणी, साबण, जंतू यांना आत शिरायला वाट मिळते. बोटाचे टोक सुजते, ठणकते, पू धरतो. नखुरडे होते ते बऱ्याचदा असे. हाताचे नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते. मुळाशी झालेली इजा टोकाला येऊन कापली जायला सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला तर वर्ष-दीड वर्ष.

तेव्हा घरी एवढेच करा. आंघोळीनंतर नखे मऊ असताना कापा, मांसाच्या कडेला थांबा, पायाची सरळ रेषेत कापा. क्युटिकल टॉवेलने हलकेच मागे सारा आणि रात्री तिथे खोबरेल तेलाचा थेंब चोळा. बाजूची साल निघाली असेल तर ओढू नका, कात्रीने कापा. धुण्याभांड्याला हातमोजे घाला. घरातल्या प्रत्येकाचा नेलकटर वेगळा असलेला बरा. नखुरडे झाल्यावर बोट लिंबात खुपसून बसायची जुनी रीत आहे; पू धरला असेल किंवा मधुमेह असेल तर लिंबाच्या नादी न लागता डॉक्टर गाठा.